पडद्यावरची गोधडी

माझी गोधडी सिनेमात झळकली म्हणून अभिनंदन करताय ना? मग चहा घ्या आणि ऐका.

मांडूला शूटिंग होतं. सेट सजवणाऱ्या माणसाला घेऊन माझा धारचा भाचा इथे देवासला आला. मी हौसेने सगळ्या गोधड्या पसरल्या. त्या माणसाने नेमकी आईच्या लुगड्यांची उचलली.

"भिया, ही आईची आठवण आहे. वापस मिळेल ना?"

"अरे काकी, हिरोइन ओढके सोएगी, बस. टेन्शन मत लो."

गोधडी काही आली नाही. भाचा म्हणायचा, "मावशी, पिक्चर निघू दे, मग देतील."

पिक्चर निघाला. सगळं घर टॉकीजमध्ये. हिरोइन माझी गोधडी पांघरून झोपली, तिथवर ठीक. मग झोपडीला आग लागली. आईचा जांभळा काठ अख्ख्या पडद्यावर धडधडून पेटला.

मुलगा ओरडला, "आई, क्या बात है! केवढा क्लोजअप!" घरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई गेली तेव्हा आम्हा बायकांना घाटावर येऊ दिलं नव्हतं. म्हणाले, तुम्हाला बघवणार नाही.

शेवटी तिकीट काढून बघितलं.