झाकणातला साबण

अंबडच्या स्टँडसमोर इनायत मिस्त्रीचं गॅरेज होतं. शकीला जालन्याच्या एसटीची वाट बघत त्याच्या पत्र्याच्या सावलीला टेकली, तेव्हा ड्रायव्हर तातेराव रडकुंडीला आला होता. मालकाची मोटार आचके देऊन थांबली होती आणि मागच्या सीटवर मालकाची आई बसून होती.

"इनायतभाई, आज पुन्हा बंद पडली तर मालक किल्ली काढून घेणार."

"प्लग बघितले?"

"साफ केले."

"कार्बोरेटर? एअर फिल्टर?"

"कालच धुतले. दहा-बारा मैल बराबर जाती, मंग आचके देती अन् बंद."

"मंग चालू कशी होती?"

"टाकीचं झाकण काढून पेट्रोल बघतो. पेट्रोल असतंच. झाकण परत लावलं की चालू."

"दरवेळी?"

"बिलकुल दरवेळी."

"आण ते झाकण इकडं... ह्या भोकात साबण कोणी कोंबला?"

"मीच. पेट्रोलच्या वासानं आईसाहेबांला उलट्या होतेत."

"अरे शहाण्या, ह्याच भोकातून टाकीत हवा जाती. हवाच न्हाई, तर पेट्रोल इंजिनापर्यंत येईल कसं?"

इनायतनं तारेनं साबण उकरून काढला. जालन्याची एसटी आली, पण मोटार चालू होते का ते बघायला शकीला तिथंच बसून राहिली.

"आता वास येईल, आईसाहेब."

"येऊ दे तातेराव. लिंबू धरते नाकाला."

"पण मालकांला काय सांगू?"

"त्याला मी सांगते, साबण मीच लावायला सांगितला म्हणून. तू किल्ली फिरव."