फिरती सीट

बीडच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये माझी गाडी तयार होण्याची वाट बघत बसलो होतो. समोरच्या टेबलाशी चकलांब्याचे मोहनराव बसले होते. सत्तरी ओलांडलेले. सेंटरमध्ये काम करणारी धनश्री त्यांना समजावत होती.

“काका, वायरिंगला वॉरंटी मिळणार नाही. पुढच्या सीटला तुम्ही बाहेरून मोटर बसवलीय. त्यासाठी कंपनीची वायर कापली, आणि तिथूनच जळालंय.”

“म्हंजी सगळीच वॉरंटी गेली का?”

“नाही, इंजिनाची आहे. फक्त वायरिंगची गेली. पण सीटला मोटर कशाला बसवली?”

“बायकोला अर्धांगवायू झालता. सीट दाराकडं वळली की तिला उचलावं लागायचं न्हाई. चारचौघांत उचललं की लई लाजायची.”

“मग काकूंना आणायचं की सोबत.”

“दिवाळीच्या आधी गेली ती.”

“सॉरी काका. मला माहीत नव्हतं.”

“तुला कसं म्हाईत असंल, पोरी?”

“आता नवीन वायरिंग टाकते. पण मोटर ठेवली तर त्यालाही वॉरंटी नाही. काढून टाकू?”

“नगं. हाय तशी जोडून दे.”

“पण आता वापरणार कोण?”

“मीच फिरवतो कवामवा. चालती का बघतो.”

“बरं. संध्याकाळ होईल मात्र. तुम्ही एसटीनं घरी जा, गाडी झाली की फोन करते.”

“इथंच बसलो तर?”

“बसा की. पण कंटाळाल.”

“न्हाई. तू तुजं काम कर. माज्याशी न्हाई बोललीस तरी चालंल.”