दारावरची पाटी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरच्या आमच्या वसतिगृहप्रमुख बाई, शिक्षकवृंद, मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे काका, सर्वांना नमस्कार. बाईंना मराठी कळत नाही. माझी मैत्रीण त्यांच्या कानाशी भाषांतर करते आहे. तिने काही गाळलं, तर तो तिचा चांगुलपणा समजावा.

घरापासून इतक्या लांबचं हे गाव आपण का निवडलं? माहितीपत्रकात काय होतं, आठवतं? मागे जंगल, पुढे तळं, रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट नाही. माझी आई म्हणाली होती, "बरं झालं बाई, तिथे तुझ्या अभ्यासात लुडबुड करायला चिटपाखरूही नसेल." खरंच नव्हतं. या शांततेचं आपल्याला इतकं कौतुक, की दाराला 'अभ्यास चालू आहे' अशी पाटी लावली की ते दार कोणी वाजवायचं नाही, हा नियम आपणच केला आणि आपणच पाळला.

काकांच्या मुलाच्या दारावर ती पाटी होती. त्या दारावरून आपण पाय न वाजवता ये-जा करत होतो. "केवढा अभ्यास करतो हा!" म्हणून मनातून जळतही होतो. तो खोलीत नव्हताच. एकटाच फिरायला गेला होता, आणि तळ्यावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला होता. शेवटी त्याच्या आईचा फोन आला, "तो फोन का उचलत नाही?" तेव्हा कुठे आपण ते दार उघडलं.

काका आले तोवर शोध थांबला होता. बर्फ वितळेपर्यंत काही करता येणार नाही, परत जा, असं सगळ्यांनी त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्याच्या आईला सांगून आलोय, घेऊनच येतो." आणि राहिले. सकाळी तळ्याकाठी जाऊन उभे राहायचे. संध्याकाळी परतले की पाटी असो वा नसो, एकेक दार बडवायचे. "जेवलीस का गं? नुसती मान हलवू नकोस, तोंडाने सांग!" आमच्यातल्या एका हुशार गृहस्थांनी बाईंकडे तक्रारही केली. बाईंनी काय करावं? दुसऱ्या दिवसापासून त्याही काकांबरोबर दारं वाजवायला लागल्या. हल्ली ते गृहस्थ संध्याकाळ झाली की दार उघडं टाकून बसतात. हसू नका, समोरच बसलेत.

मीही पाटी लावून नुसती भिंतीकडे बघत बसायचे. घरी मात्र सांगायचे, "इथे किती छान, शांत आहे!" एकदा काकांना "जेवले" म्हणाले आणि रडायलाच लागले. काका उंबऱ्यात बसले. माझं ताट रिकामं होईपर्यंत उठले नाहीत.

गेल्या आठवड्यात बर्फ वितळला. काकांनी मुलाला स्वेटरवरून ओळखलं. तो त्याच्या आईने विणलेला होता. उद्या ते त्याला घेऊन निघताहेत.

बाईंनी हा हॉल दिला, अध्यक्षांनी वेळ दिला, त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर लेकीचं म्हणून पोटात घाला. त्या बंद दारासाठी मात्र माफी मागत नाही, काका. तेवढं तोंड नाही आम्हाला. एकच विनंती आहे. घरी गेल्यावर रोज संध्याकाळी तुमचा फोन वाजेल. आम्ही आळीपाळीने करणार आहोत. तो उचला, काकूंनाही द्या. आम्ही विचारू, "जेवलात का?"

नुसती मान हलवू नका, काका. तोंडाने सांगा.