चक्कीची मोटर

तानबा : बंद कर, बंद कर! जळन ते!

रीता : केली बंद, मामाजी. नुसती हुंऽ हुंऽ करते. फिरत काई नाई.

आनंदाबाई : तानबाभाऊ, म्या सांगलंतं ना? चक्कीची मोटर हाय माही. तुमीच बांधजा म्हटलंतं. तुमी सुनेच्या हाती देल्ली.

तानबा : माह्या हाताले कंप सुटला, बाई. बारीक तार धरता येत नाई आता. दोन वर्सं शिकवलं म्या तिले. कॉइली गुंडाळून एकटीनं बांधलेली ही तिची पयली मोटर.

आनंदाबाई : पयली माहीच सापडली! तिकडं दळणाचे डबे लाईनीत लागले हाय.

तानबा : सरक रीता, मी पाह्यतो.

रीता : नाई मामाजी. चूक माही हाय, तं मलेच सापडू द्या.

तानबा : ...बरं. कशी शोधशीन?

रीता : तारीतून करंट गेला का कॉइल चुंबक होते. एका कॉइलीचं उत्तर टोक, तं बाजूचीचं दक्षिण पायजे. एखादी उलटी जोडली असन तं ताकद आपसातच मरते. बॅटरी लावून होकायंत्र फिरवते.

(रीता मोटर खोलून होकायंत्र आत धरते.)

रीता : उत्तर... दक्षिण... उत्तर... हे पाहा. इथं काटा पलटाले पायजे होता. पलटलाच नाई. ह्या कॉइलीचे दोन टोकं म्या उलटे जोडले.

तानबा : जोड सुधरव मंग. अन् तोंड पाडू नको. सुरवातीले म्याही तीन मोटरी अशाच उलट्या जोडल्यात्या. कोनाले सांगलं नाई.

आनंदाबाई : आता सांगलं ना. बरं, एक सांगा. तारा तं साऱ्या ह्या भायेरच्या खोक्यात. मधातल्या लोखंडाले एकही तार जोडली नाई. मंग थे फिरते कशानं?

तानबा : तीस वर्सं झाले, हेच मी मनात घोळवून राह्यलो. पण विचारू कोनाले? लोकं मलेच मिस्त्री म्हनते.

रीता : अवो, मले विचाराचं ना! बारावीले होतं आमाले. थांबा. ह्या रिकाम्या कॉइलीले मीटर लावते. हा जुन्या स्पीकरचा चुंबक घ्या, अन् आत धरून ठेवा. सुई हालते?

तानबा : नाई.

रीता : आता आतबाहेर करा.

तानबा : हालली! इकडं गेली... आता तिकडं! बॅटरी कुठं लावली तुनं?

रीता : कुठंच नाई. चुंबक हालला, म्हनून तारीत करंट झाला. थांबला का करंटही थांबते. मोटरीतही तसंच हाय. तीन फेजांचा करंट पाळीपाळीनं चढते, म्हनून भायेरच्या कॉइलींचं चुंबकपन गोल फिरते. त्याच्यानं मधातल्या लोखंडात बसवलेल्या सळयाइत करंट होते, सळयाही चुंबक होते अन् त्याच्यामांगं धावते.

आनंदाबाई : हातही लावत नाई, अन् वढून नेते!

तानबा : पुन्हा करू दे मले. ...हालली. पाहा आनंदाबाई, हालली.

(तोवर रीता उलटा जोड सुधारून मोटर पुन्हा जुळवते.)

आनंदाबाई : पोराटोरावानी काय करता, भाऊ! रीता, जोड झाला का नाई?

रीता : झाला काकू. लावते सुरू.

तानबा : हं. आवाज आयका.

आनंदाबाई : अगंबाई! नव्या मोटरीवानी फिरून राह्यली!

तानबा : करंट किती घेते?

रीता : तिन्ही फेजवर सारखा, मामाजी.

तानबा : मंग डब्बा आन रंगाचा. नाव अन् तारीख टाक मोटरीवर.

रीता : नाव तुमचंच ना?

तानबा : माहं काऊन? बांधली कोनं?

आनंदाबाई : मोठ्या अक्षरात लिवजो, रीता. दळणाले येनाऱ्या बायाइले वाचता आलं पायजे.