मामाची चावी

मामा : ...आणि मेन बंद केलं म्हणून लगेच पॅनेलमध्ये हात घालशील, तर याद राख.

भाची : नाही घातला. आधी टेस्टर चालू बोर्डावर तपासला, मग पॅनेलवर, मग परत बोर्डावर. टेस्टरच मेलेला असला तर काय घ्या!

मामा : लिफ्टच्या केबिनमधल्या दिव्याची लाइन?

भाची : ती वेगळी येते. तीही बंद केली.

मामा : हं.

भाची : नुसतं हं काय, मामा? आज हे पॅनेल नीट चालू झालं, तर पुढच्या इमारतीची लिफ्ट माझ्या एकटीच्या जबाबदारीवर. शब्द दिलायस.

मामा : दिलाय. अर्थिंगची तार ओढून बघितलीस?

भाची : एक वेळ तुझी मिशी उपटून हातात येईल, ही तार नाही यायची.

मामा : थेट माझ्या बहिणीवर गेलीयस. बरं, मी खाली लिफ्टच्या खड्ड्यातल्या स्विचची तार जोडून येतो. मेनवर आपली दोघांची कुलपं आहेत, ती राहू देत, म्हणजे मी खाली असताना कुणी चालू करणार नाही.

भाची : सावकाश जा. मजले आठ आहेत, गुडघे दोनच.

(थोड्या वेळाने, फोनवर.)

मामा : झालं गं खालचं. टाक मेन.

भाची : तू कुठे आहेस?

मामा : खड्ड्यातच. हा काय, निघालोच. वॉचमननं डोकं खाल्लंय, लिफ्ट कधी, लिफ्ट कधी.

भाची : मेनवर तुझं कुलूप आहे.

मामा : अगं, चावी टूलबॉक्सच्या झाकणावर राहिलीय. घे नि उघड.

भाची : दिसतेय मला. तू खड्ड्यात आणि तुझी चावी वर?

मामा : मग काय झालं? तूच आहेस ना तिथे? परकं कोण आहे?

भाची : मी नाही उघडणार.

मामा : ठमे, मामा सांगतोय!

भाची : सांगू दे. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. वर ये.

मामा : पुन्हा आठ मजले? जीव जाईल माझा.

भाची : जिन्यात नाही जात. टेकत टेकत ये, मी थांबते.

मामा : मग पुढची लिफ्ट विसर!

भाची : विसरले. ये वर.

(मामा धापा टाकत वर येतो.)

मामा : पाणी...

भाची : घे. आधी बस.

मामा : पास झालीस. परीक्षा घेत होतो तुझी.

भाची : परीक्षा घेणाऱ्याचं तोंड एवढं उतरत नाही, मामा.

मामा : ...बरं बाई, विसरलो. हात पुसताना खिशातून काढली नि तसाच गेलो. जन्मभर सगळ्यांना हेच बजावत आलो आणि आज स्वतःच! जिन्यात टेकलो तेव्हा लक्षात आलं. वर दुसरं कुणी असतं तर?

भाची : मी होते ना.

मामा : होतीस म्हणून तर हायसं वाटलं. फार बरं वाटलं गं.

भाची : खालचं दार लावलंस?

मामा : लावलं. ओढूनही बघितलं.

भाची : मग काढ तुझं कुलूप. हे माझं. टाकते हं मेन... लागला हिरवा दिवा!

मामा : वा! चल, आता लिफ्टनं खाली जाऊ.

भाची : आधी रिकामी फिरवायची. माणसं नंतर.

मामा : बरं, बरं. पुढच्या लिफ्टला मदतीला कुणी लागेल ना तुला?

भाची : लागेल. पण चावी खिशात ठेवणारा हवा.

मामा : ही बघ, ठेवली.