डाव्या बाजूचा आरसा

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मुलीचं पुस्तक नुसतं नावाला उघडं होतं. कान सगळे शेजारच्या मायलेकींकडे. लेकीच्या मांडीवर जुनी, पण नव्याने रंगवलेली प्लास्टिकची छोटी मोटार होती.

“अगं, डावा आरसा राहिला की!”

“राहू दे. तो बाबा चिकटवतील.”

“अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी आपल्या या छोट्या गाड्यांपैकी एकीलाही हात लावलेला नाही. चमचा धरवत नाही, आरसा कसला चिकटवतात!”

“म्हणून तर सावकाश सुकणारा गोंद आणलाय. वाकडा बसला तरी सरळ करता येतो.”

“आणि नाहीच म्हणाले तर?”

“आई, गप्प. बाबा आले बघ बाहेर.”

“काय गं, माझी गाडी इथे? बघू... आरसा कुठाय हिचा?”

“माझ्या खिशात.”

“मग खिशात काय शोभेला ठेवलायस? आण इकडे.”