पहिल्या हजाराचं ऑइल

हसला ना तो सर्व्हिसवाला? इथूनच दिसलं मला. तू काहीतरी विचारलंस, त्यानं ते जाडं पुस्तक उघडलं, पानावर बोट ठेवलं आणि हसला — म्हणजे ऑइलचंच विचारलं असणार तू. हजार किलोमीटर झाले, पहिलं ऑइल आता बदलून टाकू का, असंच ना? आणि तो म्हणाला असेल, सर, आता पूर्वीसारखी इंजिनं नसतात, दहा हजारांपर्यंत हात लावायचा नाही, आज फक्त तपासणी, तिकडे बसा, कॉफी घ्या. बस की मग. कॉफी मात्र घेऊ नकोस, साखरेचं कोमट पाणी आहे नुसतं, कोइमतूरमध्ये राहून असली कॉफी पाजतात, लाज वाटत नाही यांना. कुठली तुझी, ती लाल? अरे, हार अजून तसाच आहे की पुढे! सुकून काळा झालाय. तो काढ, तंबी, आतल्या तारेनं रंग खरवडतो.

माझी नाही रे गाडी. मला कुठली गाडी, मी आपली बसनं फिरते. भाचीची आहे, भावाच्या मुलीची — ती बघ, काचेच्या आत, हिरवा चुडीदार. कयल. सव्विसावं लागलं आत्ता, बँकेत आहे, स्वतःच्या पगारातून घेतली गाडी. मला मुद्दाम घेऊन आलीय. म्हणाली, अत्तै, तुम्ही इंजिनाच्या कारखान्यात जन्म काढलात, ऑइल कधी बदलायचं ते तुम्ही सांगा, मी सही करते. पण या वेळी कारण सांगायचं. नुसतं ‘बदल’ म्हणालात तर मी अप्पांचं ऐकणार, आणि अप्पा म्हणतात पुस्तकात लिहिलंय तसं. दहा मिनिटं दिलीयत तिनं मला. त्यातली पाच तुझ्याशी बोलण्यात जाणार बहुतेक.

तसं पुस्तक बरोबर आहे, बरं का. उगाच लोक म्हणतात की कंपन्या फसवतात — नाही. पुस्तक लिहिणारी माणसं हुशार असतात. इंजिन नीट धुतलेलं असेल तर पुस्तक शंभर टक्के बरोबर.

म्हणजे काय म्हणजे? धुतलेलं. आतून. बाहेरून पाणी मारतात ते नाही रे! ब्लॉक असतो ना, इंजिनाचं धड म्हण, त्याला भोकं पाडतात, घासतात, कोरतात, तेव्हा आत लोखंडाचा कीस राहतो. बारीक बारीक भोकांत, जिथून पुढे ऑइल फिरायचं असतं तिथे. राहिला तर ऑइलची वाट तुंबवतो, आणि ऑइल बदललं तरच त्याच्याबरोबर निघतो. मग एका मोठ्या यंत्रात तो ब्लॉक धुतात, गरम पाण्याचे फवारे मारून. आणि नीट धुतला गेला की नाही हे बघायला एक खोली असते. छोटी, पांढरी, थंडगार. तिथे मी होते. सतरा वर्षं. दर पाळीला एक ब्लॉक आणून ठेवायचे माझ्यासमोर, मी त्याला आंघोळ घालायची, ते पाणी पांढर्‍या कागदातून गाळायचं, कागद वाळवायचा, आणि तोलायचा — काचेच्या पेटीतला काटा होता, श्वास सोडला तरी आकडा हलायचा, म्हणून मी श्वास धरूनच तोलायची. वीस मिलिग्रॅमपर्यंत चालेल. वीसच्या वर गेलं की त्या पाळीतले सगळे ब्लॉक बाजूला, यंत्र बंद, फवारे साफ, परत सगळं धुवायचं. सोपं काम. माझ्या भावाला फार कौतुक त्याचं. माझा तंबी, पाठचा भाऊ कदिरवेल, शाळामास्तर — तो लोकांना सांगायचा, आमची वडिवक्का इंजिनांचं पाप तोलते. असा बोलायचा तो.

आताही बोलतो. कमी बोलतो.

त्याचंही असंच झालं होतं. गाडी घेतली, म्हणाला अक्काच्या कारखान्याचं इंजिन ज्या गाडीत आहे तीच घ्यायची, दुसरी मोफत मिळाली तरी नको. पिळ्ळैयारच्या, गणपतीच्या देवळासमोर पूजा, चाकांखाली लिंबं, पूंगोडीनं — त्याच्या बायकोनं — गाडीची दृष्ट काढली, आणि तो तिथेच, लिंबं चिरडायच्या आधी, पुस्तक उघडून बसला. पेन्सिल घेऊन! महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारत होता, मुलांचे पेपर तपासल्यासारखा. मी त्याला म्हटलं, तंबी, हजार झाले की ऑइल बदलून टाक. तो म्हणाला, अक्का, इथे दहा हजार लिहिलंय. मी म्हटलं, लिहू दे. तो म्हणाला, कारण? मी म्हटलं, कारण काय त्यात, जुनी माणसं बदलायची, नवीन इंजिन सुरुवातीला झिजतं थोडं. तो म्हणाला, जुनी माणसं पत्र्याच्या गाड्या चालवायची अक्का, आणि हसला. हजार झाल्यावर मी परत फोन केला. बाराशेला परत केला. तेव्हा मात्र तो हसला नाही, म्हणाला — मला अजून त्याचा आवाज तसाच्या तसा — अक्का, तू तिथे काम करतेस, खरं सांग, इंजिनात काही आहे का? असेल तर मी गाडी घरात उभी करतो.

मी म्हटलं, छे रे! असतं तर सांगितलं नसतं का?

काही नाही, डोळ्यात गेलं काहीतरी. या एसीनं होतं.

तू समजूतदार दिसतोस, म्हणून सांगते. तसं काही मोठं नाही. त्या वर्षी आषाढात — आमच्या आडी महिन्यात — सकाळच्या पाळीला एक ब्लॉक आला. नेहमीसारखी आंघोळ, नेहमीसारखा कागद. पण कागद वाळवून बाहेर काढला तर चमकत होता. धूळ काळी दिसते तंबी, धूळ चमकत नाही. भिंगाखाली धरला, तर बारीक बारीक तुकडे, वळलेले, कापलेल्या नखांसारखे. तोलला. शेहेचाळीस. परत तोलला, शेहेचाळीस. फवारे तुंबले असणार. मी इळंगो सारांना, आमच्या पाळीच्या साहेबांना, बोलावलं. भला माणूस, ओरडायचा नाही कधी. त्यानं आकडा बघितला, घड्याळ बघितलं — गाड्यांच्या कंपनीचे दोन ट्रक दारात उभे होते इंजिनं न्यायला — आणि एवढंच म्हणाला, अम्मा, परत एकदा बघा. बस. तो गेला. त्यानं मला खोटं लिहा म्हटलं नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. कुणीच म्हटलं नाही. नऊ वर्षं मी तिथे कंत्राटावर होते, आणि कायम करायच्या बायकांच्या यादीत त्या महिन्यात माझं नाव होतं, तेही कुणी मला बोलून दाखवलं नाही. मी आपली आपणच श्वास धरला आणि लिहिलं, सोळा.

कागद वहीत चिकटवावा लागतो. आदल्या दिवशीचा एक जास्तीचा होता, तो मी चिकटवला. आणि तो चमकणारा घडी करून जेवणाच्या डब्यात घातला, ताकभाताच्या झाकणाखाली, घरी आणला आणि गॅसवर जाळला. कागद जळला रे. कण राहिले. बर्नरच्या भोवती, काळे, टोकदार. मी फडक्यानं पुसले, तर फडक्याला चिकटले. धुतलं फडकं, तर मोरीत चमकत राहिले. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. कदिरवेलनं अख्ख्या गल्लीत मैसूरपाक वाटला.

हो, तेच विचारणार होतास ना तू — की त्याच्या गाडीत नेमकं त्याच पाळीतलं इंजिन कशावरून? हजारो इंजिनं निघतात, आपल्याला काय कळतंय कुठलं कुठे गेलं. मीही लोकांना — म्हणजे लोकांना कुठे, स्वतःलाच — हेच सांगत आले. बारा वर्षं झाली. कशावरून? कशावरून?

नंबरावरून.

ब्लॉकवर नंबर ठोकलेला असतो तंबी. त्या पाळीत एकशे अठरा ब्लॉक धुतले होते, पहिला नंबर आणि शेवटचा नंबर मला पाठ होता, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता. देवळासमोर मी म्हटलं, बॉनेट उघड, इंजिनालाही चंदन लावू. सगळे म्हणाले, बघा, आत्याला कसं सुचतं! मी वाकले, पदरानं तो नंबर पुसला, वाचला, आणि त्याच्या शेजारी चंदनाचं बोट लावलं. मग मागे झाले आणि म्हटलं, हं, चालव आता. लिंबं फुटली. टाळ्या वाजवल्या आम्ही. मीही वाजवल्या.

आज पहिल्यांदा बोलतेय मी हे. तू कोण, तुझं नावही मला ठाऊक नाही.

तीन हजार आठशे झाले होते गाडीचे. पूंगोडीच्या बहिणीकडे निघाले होते, दिंबमचा घाट चढून वर. कयलची परीक्षा होती म्हणून ती माझ्याकडे, नाहीतर तीही असती. नवव्या की दहाव्या वळणावर काहीतरी करकरलं आणि इंजिन धरलं. गच्च. त्यानं क्लच दाबून परत किल्ली फिरवली, तर गाडी मागे घसरायला लागली, ब्रेक दगडासारखा झालेला — इंजिन बंद पडलं की ब्रेकचा जोर जातो — आणि मागून पोत्यांनी भरलेली लॉरी घेऊन एक जण वर येत होता. त्याची काय चूक? पूंगोडी मागच्या सीटवर, मांडीवर फणस. कदिरवेलला खरचटलंही नाही. तिचा कणा मोडला. जिवंत आहे, बोलते, हसते, मला टोमणे मारते — वडिवक्का, तुमच्या हाताला आज साबणापेक्षा मसाल्याचाच वास — पण कमरेखाली काही नाही. दर गुरुवारी मी जाते, तिला न्हाऊ घालते. केस अजून गुडघ्यापर्यंत आहेत तिचे. ती म्हणते, सख्खी बहीण करणार नाही एवढं तुम्ही करता.

कंपनीची माणसं आली होती. त्यांनी इंजिन उघडलं आणि लिहून दिलं की ऑइल पुरलं नाही, मालकानं पातळी तपासली नसावी. आणि तो माझा पेन्सिलवाला भाऊ — त्यानं ते मान्य केलं! पुस्तकात होतंच ना, लांबच्या प्रवासाआधी ऑइलची पातळी बघावी, त्याखाली रेघही मारलेली होती त्यानंच. त्या सकाळी घाईत बघितली नव्हती. झालं. बारा वर्षं तो माणूस बायकोसमोर मान वर करून जेवला नाही. गाडी चालवली नाही परत. कधीतरी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणतो, अक्का, एक मिनिटाचं काम होतं गं, नुसती ऑइलची काडी काढून बघायची होती. आणि मी त्याला म्हणते — ऐक, मी काय म्हणते — मी म्हणते, जाऊ दे तंबी, चूक माणसाच्याच हातून होते.

असं म्हणते मी त्याला.

आठ वर्षं आणखी नोकरी केली त्याच खोलीत. वीसच्या वर एकदा जरी गेलं तरी यंत्र बंद करायला लावायची, भांडायची, इळंगो सार हात जोडायचे. निवृत्तीला मला चांदीचा दिवा दिला, वर कोरलंय, अचूक सेवेबद्दल. पूजेत ठेवलेला नाही मी तो.

आता या पोरीनं गाडी घेतली, मागचं दार रुंद, आईची चाकाची खुर्ची आत जाईल अशी. येत्या रविवारी आईला मावशीकडे न्यायचंय. त्याच घाटानं. पूंगोडीनं बारा वर्षांत बहिणीचं घर बघितलेलं नाही, परवापासून घालायच्या बांगड्या काढून ठेवून बसलीय. आणि हे इंजिन दुसर्‍या कारखान्यातलं, कुठल्या पाळीत, कुठल्या बाईनं तोललं, तिच्या घरी त्या दिवशी काय चाललं होतं, मला काय ठाऊक? पुस्तकाला तरी काय ठाऊक? म्हणून मी म्हणते बदल, आत्ता बदल, जुनं काढून कागदातून गाळून मला दाखव. पण तिला कारण पाहिजे. आणि ऑइल बदलण्याचं कारण सांगितलं की बाकीचं सगळं सांगावं लागतं रे, मधेच थांबता येत नाही, आत्ता बघितलंस ना तू. आज नाही सांगितलं तर मी पुन्हा तेच करतेय. आणि सांगितलं तर गुरुवारी मला त्या घरात कोण घेईल? पूंगोडीच्या केसांना कोण — बरं, ते तिचं ती बघेल. कदिरवेलला तर कळेल, की ती काडी त्यानं काढून बघितली असती तरी…

तुझं तू ठरव, बाबा. तुला सांगून झालं, कुणाला तरी सांगून झालं. तोंडातून बाहेर येतं एवढं कळलं मला.

उठली ती. सही केलेली नाही, कागद हातातच आहे. इकडेच येतेय.

ये गं. हो, ठरलं. बदलायचं, आजच. — सांगते ना कारण. नाही, उभ्या उभ्या नाही. — तंबी, तू ऊठ बाळा, तिला बसू दे इथे. नाही नाही, तू जा. गाडी बघ तुझी, जा म्हणते ना.